शाल, श्रीफळ आणि अक्षांश-रेखांश

गेल्या मंगळवारी आमच्या विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागाने वर्कशॉपच्या मामांचा सत्कार केला. बुधवारी तोच सत्कार पुन्हा केला. मंगळवारच्या फोटोत मामा होते, शाल होती, अधिष्ठात्यांचा हात नारळावर होता. नव्हते ते अक्षांश-रेखांश. नॅकच्या मूल्यांकनाच्या फाइलीला जिओटॅग लागतो. फोटोच्या कोपऱ्यात छोटा नकाशा आणि दशांशातले आकडे नसले, तर मामांचा सन्मान पृथ्वीवर नक्की कुठे झाला हे पीअर टीमने ओळखायचं कसं? चंद्रावरही झाला असेल. हल्ली तिथेही आपली ये-जा आहे.

बुधवारच्या फोटोवर अर्थातच बुधवारची तारीख आली. मग मंगळवारची नोटीस बुधवारची करून घेतली. इतिवृत्तही. म्हणजे कागदोपत्री मंगळवारी काही घडलंच नाही. मंगळवारी वाटलेले पेढे मात्र परत मिळाले नाहीत.

आमच्या विभागात गुणवत्तेची कदर होत नाही, असं म्हणायची कोणाची छाती नाही. यंदा शिक्षकांसाठी 14 पुरस्कार होते आणि कायम शिक्षक 17. उरलेले तिघे निवड समितीवर होते. त्यांना समितीच्या कामाबद्दल स्मृतिचिन्ह दिलं.

तासिका तत्त्वावरचे या मोजणीत नाहीत. पहिल्या वर्षाची गणितं तेच शिकवतात, जर्नल तेच तपासतात, ओरलच्या दिवशी बाहेरच्या परीक्षकांना स्टँडवरून आणायलाही तेच जातात. पण पुरस्काराला पाच वर्षांची सलग सेवा लागते. त्यांची सेवा सलग होऊ नये याची काळजी आमचाच आस्थापना विभाग दर सत्राअखेर घेतो. त्यामुळे प्रश्नच येत नाही.

हे सगळं कधी सुरू झालं? सत्काराची हौस जुनीच, पण तिला गुण मिळू लागले ते 2010 साली. त्या वर्षी यूजीसीने एपीआय आणला आणि प्राध्यापकाने वर्षभरात काय काय केलं त्याची बेरीज होऊ लागली. व्याख्यानाला गुण, समितीला गुण, चर्चासत्राला गुण. 2018 च्या नियमावलीत ती पद्धत बरीच बदलली. नियम बदलले, पण प्रमाणपत्र दिसलं की लॅमिनेट करून ठेवायचा हात काही आवरत नाही. ते ओळखून आता मेलवर पुरस्कार येतात. ‘आदरणीय सर, आपली राष्ट्रीय सर्वोत्तम संशोधक म्हणून निवड झाली आहे. नोंदणी शुल्क अमुक, जीएसटी वेगळा, सोबत एक व्यक्ती आणल्यास जेवणाचे जादा.’ गेल्या वर्षी असे तीन राष्ट्रीय सर्वोत्तम आमच्या एकाच स्टाफरूममध्ये निघाले. तिघांचा विषयही एकच, आणि कपाटही.

मग येतो 15 सप्टेंबर, अभियंता दिन. विश्वेश्वरय्यांच्या तसबिरीला हार घालतात. ते पुण्यात शिकले, आज ज्याला सीओईपी म्हणतात त्या कॉलेजात, हे दरवर्षी सांगितलं जातं. खडकवासल्याला 1903 साली त्यांची स्वयंचलित दारं बसली, पाणी ठरावीक पातळीच्या वर गेलं की ती आपोआप उघडत, हेही सांगितलं जातं. यंदा मात्र ते सांगायला पाऊण तास उशीर झाला. सेमिनार हॉलच्या दाराची किल्ली ज्या शिपायाकडे, तो रजेवर होता.

आता 31 मे. विभागातल्या निम्म्या ज्येष्ठांचा जन्म 1 जूनचा. आईबापांनी तारीख लिहून ठेवली नव्हती, शाळेत नाव घालताना गुरुजींना एक जून सोपा पडला. साठेक वर्षांपूर्वीच्या त्या सोयीचा हिशोब आम्ही एका दुपारी चुकता करतो. पाच-पाच, सहा-सहा निरोप एकदम. त्या दुपारी कळतं, की आपण इतकी वर्षं अजातशत्रूंच्या घोळक्यात वावरत होतो. ज्याने प्रयोगशाळेच्या एका कपाटावरून सरांशी अकरा वर्षं अबोला धरला, तोच सगळ्यांत लांब बोलतो आणि मध्येच गहिवरतो. निवृत्तांच्या घरी शालींची चळत लागते. त्यातल्या काही पुढच्या वर्षी विभागात परत येतात. एका शालीला मी तीन वेगवेगळ्या खांद्यांवर ओळखलं आहे, काठाला शाईचा डाग होता म्हणून.

खरं सांगायचं तर विभाग म्हणून आम्ही एकत्र जमतो ते फक्त खंडेनवमीला. आदल्या दिवशी मामा लेथ रॉकेलने पुसतात, चिप्स झाडून काढतात, हॅकसॉला झेंडूची माळ घालतात. दुसऱ्या दिवशी हळदकुंकू, एक नारळ, केळी आणि साखरफुटाणे. एरवी वर्कशॉपचा वास सहन न होणारे संगणकवाले येतात. तासिकावाले येतात, झाडूवाल्या मावशी येतात, फिटिंगचा जॉब तीनदा नापास झालेली पोरंही येतात आणि व्हाइसला नमस्कार करतात. कोणाचं नाव पुकारत नाहीत, कोणी प्रास्ताविक करत नाही, म्हणून कार्यक्रम वीस मिनिटांत आटोपतो. त्यानंतर तासभर कोणी हलत नाही. मला हा दिवस आवडतो, हे इथे कबूल करून टाकतो.

गेल्या वर्षी आयक्यूएसीला, म्हणजे गुणवत्ता कक्षाला, त्याचा सुगावा लागला. नॅकच्या सातव्या निकषात, उत्तम प्रथांखाली, हे बसेल असं ठरलं. मामांकडे फॉर्म आला. उपक्रमाचं उद्दिष्ट, फलनिष्पत्ती, लाभार्थींची संख्या. मामांनी लाभार्थींच्या रकान्यात ‘लेथ सहा, ड्रिल दोन, शेपर एक (बंद)’ असं लिहून दिलं. ते तसंच वर गेलं आणि मंजूरही झालं.

तर बुधवार. मामांना शाल-श्रीफळासह हजर राहायचा निरोप गेला. शाल आली. नारळाची मंगळवारी रात्रीच चटणी झाली होती. दुसऱ्या नारळाची तरतूद नव्हती, म्हणून कँटीनमधून एक उसना आणला. अधिष्ठात्यांनी पुन्हा हात लावला, पुन्हा टाळ्या झाल्या. मामा अस्वस्थ दिसत होते. बाजूला घेऊन मला हळूच म्हणाले, “सर, दोन दिवसांत दोनदा हातात नारळ दिला. काही चुकलं का माझं?”

मी त्यांना समजावलं, की हा तो नारळ नव्हे. त्यांना ते फारसं पटलेलं दिसलं नाही. सव्वीस वर्षं त्यांनी हा विभाग जवळून पाहिला आहे.

संध्याकाळी फोटो अपलोड करताना लक्षात आलं, की मोबाइलने जागा थोडी चुकवली आहे. कोपऱ्यातल्या नकाशात विभागाऐवजी गेटसमोरच्या रसवंतीगृहाचा पत्ता उमटला आहे. नवी नोटीस लागली आहे. शुक्रवारी सकाळी 11 वाजता, वर्कशॉपच्या दारात, उघड्यावर. सत्कारमूर्तींनी नारळ स्वतःचा आणावा.