संजय पाटील (स्टॅम्प)

माझ्या मोबाइलमध्ये 'संजय पाटील पाणी', 'संजय पाटील दात', 'संजय पाटील ऑर्केस्ट्रा', 'संजय पाटील उधारी' आणि 'संजय पाटील उचलू नको' अशी मंडळी एकाखाली एक राहतात. या मजकुराचे नायक त्यांतले 'संजय पाटील स्टॅम्प'. उल्हासनगर कॅम्प नं. ३ मधल्या कुणाला हे आपल्याच ओळखीच्या संजय पाटलावर लिहिलंय असं वाटलं, तर त्याने मनाला लावून घेऊ नये. शेजारच्या गल्लीतल्यालाही तसंच वाटणार आहे. कल्याणपासून बदलापूरपर्यंत गावागणिक पाटील, आणि साठ-सत्तरच्या दशकात मुलगा झाला की संजय नाव ठेवायचं हे बहुधा सरकारी धोरणच असावं. मध्ये वडिलांचं नाव घातलं की प्रश्न मिटतो असं ज्यांना वाटतं, त्यांनी इकडे बाळाराम नावाचे वडील किती आहेत ते एकदा बघावं.

पाटलांचं टेबल चोपडा कोर्टाच्या बाहेर. टेबलावर लॅपटॉप, खाली प्रिंटर, त्याच्याखाली इन्व्हर्टरची बॅटरी आणि या सगळ्यावर एका पतसंस्थेची छत्री. स्टॅम्प विकायचं लायसन दुसऱ्याचं. पाटील त्यावर मजकूर टाइप करून देतात. पण गिऱ्हाईक एवढ्या खोलात शिरत नाही. शंभराचा स्टॅम्प २०२४ च्या ऑक्टोबरात पाचशेचा झाला, त्याच्या शिव्यासुद्धा पाटलांनीच खाल्ल्या.

त्यांच्या धंद्याचा कणा म्हणजे 'दोन्ही नावे एकाच व्यक्तीची' हे प्रतिज्ञापत्र. गावच मुळात आकड्यांवर वसलेलं. दुसऱ्या महायुद्धातली लष्करी छावणी; फाळणीनंतर सिंधमधून आलेल्यांना तिच्या बराकींत उतरवलं. १९४९ साली उल्हासनगर असं छान नाव मिळालं, तरी कॅम्पांचे नंबर काही सुटले नाहीत. पत्त्यात कॅम्पला नंबर, सेक्शनला नंबर, बॅरेकला नंबर, रूमला नंबर. त्यामुळे इथे घर चुकत नाही. घोळ होतो तो नावात. आजोबा सनदेवर 'टहलराम', रेशनकार्डावर 'तहिलराम' आणि लाइटबिलावर नुसते 'टी. राम'. नातवाला रूम विकायची तर आधी हे तिघे एकच म्हातारे होते, असं लिहून द्यावं लागतं. सुनांचं तर विचारूच नका. लग्नात नाव बदलायची हौस सिंध्यांनाही आणि आपल्यालाही. नंतर पासपोर्ट काढायची वेळ आली की सगळी वरात पाटलांच्या छत्रीखाली.

म्हणजे पाटील दिवसभर अनेक नावांचा एक माणूस करतात आणि संध्याकाळी स्वतः एका नावाची अनेक माणसं होऊन घरी जातात.

त्रासाची सुरुवात पहाटे पाचला होते. 'संजय पाटील पाणी' हे पालिकेचे वॉलमन. दोघांच्या मोबाइल नंबरांत शेवटच्या दोन आकड्यांची अदलाबदल, त्यामुळे पाणी आलं नाही की निम्मं सेक्शन आमच्या पाटलांना उठवतं. सुरुवातीला ते 'राँग नंबर' म्हणून फोन ठेवायचे. पण नाव विचारल्यावर 'संजय पाटील'च सांगावं लागायचं आणि पलीकडचा आणखी भडकायचा. शेवटी त्यांनी पाण्याच्या वेळा पाठ केल्या. आता झोपेतच सांगतात, "सतरा सेक्शन साडेसहा. प्रेशर कमी राहील, मोटर लावू नका." लोकांचं मत असं, की पाणीखात्यापेक्षा यांची माहिती पक्की असते. खऱ्या वॉलमनचाही परवा फोन आला होता म्हणे, आज कुठला वॉल आधी सोडायचा विचारायला. दातवाल्या डॉक्टरांचे पेशंट रात्री येतात, म्हणजे फोनवर. त्यांना पाटील मिठाच्या पाण्याच्या गुळण्या सांगतात आणि फी मागत नाहीत. महाभारतातल्या संजयाला घरबसल्या दुसऱ्यांची लढाई दिसायची. याला घरबसल्या दुसऱ्यांची कळ ऐकू येते.

कोपऱ्यावरच्या दालपकवानवाल्या सेठना हा प्रश्नच समजत नाही. ते म्हणतात, "वडी सांई, इधर नाम का क्या काम है? धंदा बोलो." त्यांच्या उधारीच्या वहीत पाटील हे आडनावच नाही, 'स्टॅम्प १२०', 'पानी ६०', 'दांत – बाद में' अशा नोंदी आहेत. डुप्लिकेट मालावरून या गावाची थट्टा करत जगणाऱ्या बाहेरच्या लोकांना तर हा विषय आयताच मिळतो. अंबरनाथच्या ऑर्डनन्स फॅक्टरीतला त्यांचा साडू भेटला की हटकून विचारतो, "काय, ओरिजनल कोण मग तुमच्यात?"

पण पाटलांचं खरं दुखणं आहे ते आहेर. लग्नसराईत 'श्री. संजय पाटील व परिवार' एवढंच लिहिलेल्या पत्रिका येतात. देणाऱ्याने कोण्या पोराच्या हाती दिलेल्या असतात, आणि पोराने ओळखीतला सगळ्यात जवळचा संजय पाटील गाठलेला असतो. पाटील प्रत्येक पत्रिकेचा मान ठेवतात. हळदीलाही जातात. मांडवात उभे राहून, यजमान आपल्या नात्यातला की ऑर्केस्ट्रावाल्याच्या, याचा शांतपणे अंदाज घेतात. जेवणात काही अडत नाही. अडतं ते नंतर. पाकिटावर 'संजय पाटील – २५१' असं लिहून दिलेले पैसे यजमानाच्या वहीत पडतात ऑर्केस्ट्रावाल्याच्या नावावर. वर्षभराने त्याच्या मुलीचं लग्न निघालं, की फिरता आहेर त्याच्या घरी! आमच्या पाटलांचा हिशेब असा, की ऑर्केस्ट्रावाल्याच्या मुलीचा फ्रीज निम्मा त्यांच्या पैशांचा आहे. हल्ली ते पाकिटावर ठळक अक्षरांत 'संजय पाटील (स्टॅम्प)' लिहितात. त्यावर एका यजमानाने पाकीट उघडून पाहिलं आणि विचारलं, "पैसे आहेत, पण स्टॅम्प कुठे आहे?"

असं असून पाटलांना नावाचा अभिमान आहे, आणि तो ते फाइलमध्ये लावून ठेवतात. टेबलाच्या खणात प्लॅस्टिकच्या फोल्डरात कात्रणं. विषय निघाला, आणि तो निघतोच, की फोल्डर बाहेर येतं. "लोकसभेचं बघा," ते म्हणतात. २००९ साली ईशान्य मुंबईतून संजय दिना पाटील निवडून आले. २०१४ ला ते पडले. पण त्याच दिवशी सांगलीतून संजयकाका पाटील निवडून आले. काका २०१९ लाही आले, २०२४ ला पडले. तर त्याच दिवशी ईशान्य मुंबईतून संजय दिना पाटील परत लोकसभेत! "एक उठला की दुसरा बसतो. २००९ पासून लोकसभेत संजय पाटील नाही असं कधी झालंच नाही. पक्ष कुठलाही येवो." घराणेशाहीवर देशभर एवढं बोललं जातं, पण बिननात्याची अशी परंपरा दुसऱ्या कुठल्या नावाने चालवली आहे, ते पाटलांना अजून कुणी दाखवून दिलेलं नाही. सीमाभागही त्यांनी सोडलेला नाही. बेळगाव ग्रामीणचे दोन वेळचे आमदार संजय पाटील फोल्डरात आहेतच. 'जोगवा' सिनेमाचे पटकथालेखक संजय कृष्णाजी पाटील तर पहिल्या पानावर. त्या सिनेमातल्या गाण्यासाठी हरिहरन आणि श्रेया घोषाल दोघांनाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. ते गाणं वरातीत लागलं, की आमचे पाटील खुर्चीवरून उठून आजूबाजूला असं बघतात, की नवख्या माणसाने अभिनंदनच करावं. ते स्वतः खोटं काही बोलत नाहीत. अभिनंदन मात्र नाकारत नाहीत.

बोलण्यात सगळे 'आमचे'. आमचे सांगलीचे, आमचे मुंबईचे, आमचे बेळगावचे. काका पडले त्या रात्री ते जेवले नाहीत, आणि दिना पाटील निवडून आले म्हणून त्याच रात्री पेढे वाटले. उपाशी राहून पेढे वाटणारा माणूस कॅम्प तीनने पहिल्यांदाच पाहिला.

या नावाला बाजारभाव आहे हे मात्र त्यांना उशिरा कळलं. एका निवडणुकीच्या तोंडावर गाडीतून दोन पोरं आली. समोरचा उमेदवार संजय पाटील. तर तुम्ही अपक्ष अर्ज भरा, प्रचार करू नका, नुसतं नाव द्या. पाटलांचे डोळे चमकले. आजवर नाव सगळ्यांनी फुकट वापरलं होतं. त्यांनी फोल्डर काढून पोरांचीच शिकवणी घेतली. २०१४ ला रायगडात अनंत गीते २,११० मतांनी जिंकले आणि सुनील तटकरे हरले. त्याच मतपत्रिकेवरच्या दुसऱ्या अपक्ष सुनील तटकऱ्यांना ९,८४९ मतं पडली होती. २०१५ पासून निवडणूक आयोग मतयंत्रावर उमेदवारांचे फोटो लावतो. पाटलांच्या मते हा आमच्या लोकांच्या पोटावर पाय. पण २०२४ ला दिंडोरीत भास्कर भगरे सर निवडून आले, तेव्हा बाबू भगरे नावाच्या अपक्षाने फोटो असतानाही लाखावर मतं घेतली. चिन्हाचं नाव तुतारी, आणि नावापुढे 'सर'. "म्हणजे रेट अजून आहे," पाटलांनी निष्कर्ष काढला. आकडा ठरत आला होता. पण त्या आठवड्यात पाइपलाइन फुटून चार दिवस पाणी नव्हतं. वहिनी आतून म्हणाल्या, "उभे राहा, पण लोक पाणीवाले समजतील. मतं नाही, दगड पडतील." विषय तिथेच संपला.

मग डोक्यात संमेलन आलं. टोकियोत २०२२ साली हिरोकाझू तानाका या एकाच नावाची १७८ माणसं जमली आणि गिनीज बुकात गेली, हे त्यांनी पेपरात वाचलं होतं. १७८? एवढे तर कल्याण ते बदलापूर लोकलच्या एका फेरीत मिळतील! पहिली बैठक झाली. अध्यक्ष संजय पाटील, कार्याध्यक्ष संजय पाटील, सचिव संजय पाटील, खजिनदार संजय पाटील. हा कागद बघून संस्था नोंदवायला कुणी तयार होईना. इतिवृत्त तर वाचण्यासारखं आहे: 'संजय पाटील यांनी ठराव मांडला, संजय पाटील यांनी अनुमोदन दिले, संजय पाटील यांनी कडाडून विरोध केला व ते सभात्याग करून गेले.' विरोध चहाच्या खर्चावरून होता. सभात्याग कोणी केला यावर आजही मतभेद आहेत. 'उधारी'वाले होते असं बहुमत म्हणतं.

आता बँकेचं प्रकरण. पाटलांनी झेरॉक्स मशिनसाठी कर्ज मागितलं. एका बँकेने कळवलं, तुम्ही बदलापुरात मोटारसायकलचे हप्ते थकवले आहेत. पाटलांना सायकलसुद्धा येत नाही. ते काउंटरवर जाऊन म्हणाले, "तो मी नव्हेच," आणि आतल्या खोलीतला मॅनेजरसुद्धा हसत बाहेर आला. त्यांच्या मते अत्र्यांनी १९६२ साली हे नाटक लिहून आमच्या लोकांचं कायमचं नुकसान केलंय. एक लखोबा, त्याची अनेक नावं, पणशीकरांच्या एकाच प्रयोगात पाच रूपं. तेव्हापासून महाराष्ट्रात निरपराध माणसाला हे वाक्य सरळ चेहऱ्याने म्हणता येत नाही.

बँक म्हणाली, तुम्ही तो नाही असं प्रतिज्ञापत्र आणा. पाटील आयुष्यात पहिल्यांदा टेबलापाशी गप्प बसले. दोन नावांचा एक माणूस करायचा मसुदा बोटांत होता. एका नावाची दोन माणसं करायचा मसुदा त्यांच्याकडे नव्हता. शेवटी ते बदलापूरला गेले, तो दुसरा संजय पाटील शोधायला. सापडला. फुलांच्या गाळ्यावर हार ओवत बसलेला, साधा माणूस. त्याने पाटलांना पाहताच गल्ल्याखालून फाइल काढली. उल्हासनगरात कोणी स्टॅम्पवाला हप्ते बुडवून बसलाय आणि नोटिसा त्याला येतात, अशी त्याची तक्रार. दोघांनी फायली शेजारी ठेवल्या. मोटारसायकल तिसऱ्याचीच निघाली.

तर दोघे मिळून कॅम्प तीनला आले. पाटलांनी स्वतःच्या हाताने टाइप केलं: 'मी, संजय पाटील, सत्यप्रतिज्ञेवर लिहून देतो की, सदर कर्जातील संजय पाटील तो मी नव्हे.' ओळख पटवून देणार म्हणून फुलवाल्या संजय पाटलांची सही झाली. फुलवाल्याचं प्रतिज्ञापत्र वेगळं झालं, तिथे ओळख आमच्या पाटलांनी पटवली आणि टायपिंगचे पूर्ण पैसे घेतले. धंद्यात नाव बघायचं नसतं. नोटरी म्हणून वकील संजय पाटलांचा शिक्का बसला. चौथ्या दिवशी बँकेतून कागद परत आला. शेरा होता: 'तिन्ही ठिकाणी अर्जदाराचीच सही आहे.'