साठ दिवसांचं सुतक

माझा भाचा ओंकार बेल्जियममधल्या लूव्हन गावात राहतो. जगातल्या सर्वांत मोठ्या बिअर कंपनीचं मुख्यालय याच गावात आहे. कोपऱ्यावरच्या साध्या वाणसामानाच्या दुकानातही पाव-दुधाच्या शेजारी तऱ्हेतऱ्हेच्या बिअर ओळीने मांडलेल्या असतात. 2016 मध्ये युनेस्कोने बेल्जियमच्या बिअर-संस्कृतीला मानवजातीचा वारसा म्हणून मान्यता दिली, तेव्हापासून तर तिथली माणसं पिताना जरा ताठ बसतात म्हणे. अशा गावात राहणाऱ्याने बिअरसाठी वणवण करावी, याला काही कारण नाही. पण ओंकारची तहान निराळी. जी बिअर दुकानात मिळते, ती त्याच्या लेखी बिअरच नव्हे.

2018 च्या मार्चमध्ये आम्ही उभयता त्याच्याकडे गेलो, तेव्हा घरात विचित्र शांतता होती. दिवाणखान्यात ओंकार आणि त्याची बायको सायली समोरासमोर बसली होती. मध्ये सायलीचा फोन, स्पीकरवर. फोनमधून फक्त एंगेजचा टूंटूं आवाज.

“कोणी आजारी आहे का?” आमच्या हिने, म्हणजे ओंकारच्या मामीने, दबक्या आवाजात विचारलं.

“नाही मामी,” सायली म्हणाली, “मठात फोन लावतोय.”

मामीला बरं वाटलं. परदेशात जाऊन पोरगं देवाधर्माला लागलं, असा तिचा समज झाला. तो फार वेळ टिकला नाही.

हा मठ म्हणजे पश्चिम फ्लँडर्समधल्या वेस्टव्लेटरेन गावाजवळचा सिंट सिक्स्टस. पोपरिंगे गावचा हॉप्सचा एक व्यापारी धंदा सोडून इथल्या जंगलात एकटाच साधना करत राहिला होता. पुढे 1831 मध्ये शेजारच्या फ्रान्समधून काही ट्रॅपिस्ट साधू येऊन त्याला मिळाले आणि मठ उभा राहिला. आठेक वर्षांत बिअर गाळण्याचा परवानाही आला. संन्याशांनी स्वतःच्या हातच्या कष्टावर जगावं, हा संत बेनेडिक्टचा दंडक. त्याच नियमावलीत रोज थोडी वाइन घ्यायला हरकत नाही, असंही त्याने सहाव्या शतकात लिहून ठेवलेलं आहे. त्यामुळे इथे कष्ट आणि पेय यांचा झगडा कधी झालाच नाही.

झगडा सुरू झाला तो 2005 मध्ये. एका संकेतस्थळावर जगभरच्या बिअरबाजांनी गुण दिले आणि इथली ‘बारा नंबर’ जगातली सर्वोत्तम बिअर ठरली. मठाच्या दारी गाड्यांची रांग लागली आणि साठा संपला. दुसरा कोणी असता तर त्याने लगेच कर्ज काढून दुसरा कारखाना टाकला असता. साधूंनी काहीच केलं नाही. आपण संन्यासी आहोत, मठ चालवण्यापुरती बिअर गाळतो, मठ चालला की पुरे, ही त्यांची भूमिका. पुढे मठाची इमारत नव्याने बांधायची वेळ आली, तेव्हा 2011-12 मध्ये त्यांनी जास्तीचे घाणे काढले, भेटीची खोकी भरून बाहेर विकली, बांधकामाचे पैसे उभे केले आणि पुन्हा पहिल्यासारखी मोजकी बिअर गाळायला लागले. व्यवस्थापनाच्या कॉलेजात शिकलेल्या माणसाने हे ऐकलं तर त्याला रात्रभर झोप लागणार नाही.

तेव्हा बिअर घ्यायची पद्धत अशी: मठ आधी जाहीर करायचा की अमुक दिवशी अमुक वेळात फोन घेऊ. त्या वेळात सगळं बेल्जियम, शेजारचं हॉलंड आणि ओंकार एकदम फोन लावायचे. फोन लागलाच, तर गाडीचा नंबर द्यायचा. मग ते दिवस आणि वेळ सांगायचे. त्या वेळी तीच गाडी घेऊन हजर व्हायचं आणि ठरलेले क्रेट उचलायचे. एकदा घेतलं की साठ दिवस त्या गाडीला आणि त्या फोनला पुन्हा काही मिळायचं नाही. पुढच्या वर्षी हा फोन जाऊन ऑनलाइन विक्री आली आणि ज्याने बरेच दिवस घेतलेली नाही त्याला आधी, असा न्याय सुरू झाला. पण आम्ही गेलो तेव्हा जमाना फोनचाच होता, आणि ओंकारची गाडी, ओंकारचा फोन, दोन्ही साठ दिवसांच्या सुतकात होते. म्हणून सायलीचा फोन. म्हणून सायलीची गाडी.

“पण तू पितेस का गं?” मामीने विचारलं.

“छे! मला वासही सहन होत नाही.”

तेवढ्यात टूंटूं थांबलं. पलीकडे एक माणूस बोलला. ओंकार ताडकन उभा राहिला. सायलीने शांतपणे गाडीचा नंबर सांगितला, तारीख लिहून घेतली, आभार मानले आणि फोन ठेवला. “दोन क्रेट,” ती म्हणाली. ओंकारने खाली वाकून तिला नमस्कार केला. लग्नातही त्याने एवढा भाव दाखवला नव्हता.

ठरल्या दिवशी आम्ही निघालो. कंपनीने दिलेली ओंकारची ऐसपैस गाडी घरी आणि आम्ही चौघं सायलीच्या जुन्या, आटोपशीर गाडीत. चालवणार अर्थात सायली. वाटेत ओंकार आम्हाला ट्रॅपिस्ट बिअरची दीक्षा देत होता. बिअर मठाच्या आवारातच गाळलेली हवी, साधूंच्या देखरेखीखाली हवी आणि नफा मठाला किंवा दानधर्माला गेला पाहिजे, तरच तिच्यावर षटकोनी शिक्का बसतो. “आणि वेस्टव्लेटरेनच्या बाटलीवर लेबलच नसतं, मामा! जे काय लिहायचं ते झाकणावर.” हे सांगताना त्याचा आवाज भरून आला. लेबल नसलेल्या बाटल्या मी आपल्याकडे पाहिलेल्या आहेत, पण त्या विकणाऱ्यांबद्दल इतक्या आदराने कोणी बोलत नाही.

दुपारी पोपरिंगेला थांबलो. हा बेल्जियमचा हॉप्सचा मुलूख. बिअरला कडवटपणा आणि वास देणारं फूल ते हेच. सपाट रानात तीन-चार पुरुष उंचीचे खांब आणि त्यांच्यावरून ताणलेल्या तारा. वेल अजून चढायचे होते, त्यामुळे कुणी तरी भला मोठा मांडव घालून वऱ्हाडाची वाट बघतंय, असं दिसत होतं. मार्चमध्ये या वेलांचे जमिनीखालचे पांढरे कोंब हाताने खुडून काढतात. पुढे 2021 मध्ये, बिहारमध्ये कोणी तरी हीच लाख रुपये किलोची भाजी पिकवली अशी बातमी आपल्या व्हॉट्सॲपवर फिरली आणि मग खोटी निघाली. ती भाजी आम्ही खरोखरीची खाल्ली. मोठ्या बशीत मधोमध उकडलेलं अंडं, त्याच्यावर लोण्याचं पिवळं सॉस आणि भोवती बोटाएवढे दहा-बारा कोंब. मामीने एक उचलला, उजेडात धरून पाहिला, चावला.

“आमच्या मटकीला पण मोड येतात,” ती म्हणाली, “तिचं कोणी एवढं कौतुक केलं नाही.”

मठाच्या बाजूच्या वाटेवर गाड्यांची शिस्तीत रांग होती. हॉर्न नाही, वशिला नाही, ‘साहेबांनी पाठवलंय’ नाही. फाटकाजवळच्या माणसाने यादीत नंबर पाहिला, गाडी पाहिली, मान हलवली. लाकडी क्रेट, प्रत्येकात चोवीस बाटल्या, पिवळी झाकणं. सोबत बजावणी: ही बिअर पुढे विकायची नाही. त्याच महिन्यात हॉलंडमधल्या एका सुपरमार्केट साखळीने कुठून तरी माल मिळवून तो परस्पर विकला होता. मठात दोन युरोच्या आतबाहेर पडणारी बाटली, तिथे जवळपास दहा युरोला. साधू संतापले होते. म्हणजे साधू जितके संतापू शकतात तितके: त्यांनी नाराजी व्यक्त केली.

“रिकाम्या बाटल्या?” त्या माणसाने इंग्रजीत विचारलं. क्रेटची आणि बाटल्यांची अनामत असते. लोक रिकाम्या परत आणतात आणि भरलेल्या नेतात.

“नाहीत,” ओंकार म्हणाला.

“हा पितच नाही,” सायलीने खुलासा केला. “साठवतो.”

तो माणूस ओंकारकडे बघत राहिला. मोक्षमार्गाला लागलेली माणसं त्याने आयुष्यभर पाहिली असतील, पण हा वैराग्याचा प्रकार त्यालाही नवा होता.

एक क्रेट डिकीत मावला. दुसरा मावेना. शेवटी तो मागच्या सीटवर माझ्या आणि मामीच्या मधोमध बसला. ओंकारने त्याला पट्टा लावला. “मामा, वळणावर जरा हात धरा,” तो म्हणाला. मी मामीचा हात धरायला गेलो. “तिचा नाही मामा, क्रेटचा.”

रस्ता ओलांडला की मठाचंच कॅफे आहे, ‘इन दे फ्रेडे’. मी मनाशी दगडी भिंती, मेणबत्त्या आणि टोपडं ओढलेले साधू असं चित्र घेऊन गेलो होतो. प्रत्यक्षात मोठाल्या काचांचा प्रशस्त हॉल, सायकलवरून आलेले सत्तरीचे आजोबा, बाबागाडीतली बाळं आणि कॉफीची ऑर्डर घेणारी लगबगीची मुलं. साधू एकही नाही. ते आपले भिंतीपलीकडे प्रार्थनेत.

बारा नंबर आली. ओतायची रीत ओंकारने करून दाखवली. ग्लास तिरका धरायचा, सावकाश ओतायचं, आणि तळाशी बोटभर ठेवून थांबायचं, कारण खाली यीस्टचा गाळ बसलेला असतो. गर्द तपकिरी रंग, वर सायीसारखा फेस. मनुका, अंजीर, करपायच्या बेतात आलेली साखर, आणि मग छातीत हळूहळू पसरणारी ऊब. जोर 10.2 टक्के. आपल्याकडे ‘स्ट्राँग’ असं ठळक छापून जी विकतात ती आठाच्या आत असते. खोटं कशाला बोला, बिअर फार सुरेख होती. मी ग्लास संपवला. ओंकारने अर्ध्या ग्लासात वहीची दोन पानं भरली.

परतताना सायलीने गाडी वाटू गावाकडे वळवली. “तिकडे कशाला?” ओंकार कुरकुरला. त्याचं कारण असं: दुसऱ्या महायुद्धानंतर साधूंनी ठरवलं की मोठा धंदा आपल्याला नको. 1946 मध्ये त्यांनी वाटूच्या एका चीजवाल्याला आपल्या बिअर गाळून विकायचा परवाना दिला. मठाचा बिअरवाला कृती आणि यीस्ट घेऊन तिकडे गेला. 1992 मध्ये परवाना संपला, नाव मठाकडे परत आलं, पण वाटूवाले ‘सेंट बर्नार्डस’ नावाने बिअर गाळत राहिले, आणि आपलं यीस्ट अजून तेच असल्याचं सांगतात. मठ मात्र आता वेस्टमालच्या मठाचं यीस्ट वापरतो. थोडक्यात, एकाकडे जुनं यीस्ट, दुसऱ्याकडे जुना पत्ता. दोघांमध्ये दहा-पंधरा किलोमीटर. एकाच्या दारात रांग आणि दुसऱ्याच्या दुकानात तुम्ही गेलात की मुलगी हसून “किती देऊ?” विचारते.

“हिला कोण विचारतं!” ओंकार म्हणाला. “आमच्या ऑफिसच्या खालीसुद्धा मिळते.” तो गाडीतून उतरला नाही. क्रेटला सोबत हवी होती. सायली आत जाऊन चार बाटल्या घेऊन आली आणि मामीच्या पिशवीत ठेवून दिल्या.

संध्याकाळी आठला ईपरच्या मेनिन गेटखाली उभे राहिलो. तिथे रोज बिगुल वाजवून पहिल्या महायुद्धात मेलेल्यांना मानवंदना देतात. कमानीवर चोपन्न हजारांहून अधिक नावं, आणि त्यांत अविभाजित हिंदुस्थानातून आलेल्या शिपायांचीही. हा कोपरा जर्मनांच्या हाती पडला नाही, म्हणून सिंट सिक्स्टसच्या तांब्याच्या कढया वाचल्या. बेल्जियममधल्या बाकीच्या ट्रॅपिस्ट मठांच्या वितळवल्या गेल्या. बिगुल वाजत होता तेवढा वेळ ओंकार बिअरबद्दल बोलला नाही. गाडी मात्र नजरेच्या टप्प्यातच लावायला लावली होती.

लूव्हनला पोचल्यावर क्रेट तळघरात गेले. तिथे खण, थर्मामीटर आणि भिंतीला एक्सेलची छापील यादी: कधी आणली, झाकणावरची तारीख, कधी उघडायची. ‘कधी उघडायची’ या रकान्यातलं सगळ्यात जवळचं साल 2025 होतं.

“आणि तोवर?” मी विचारलं.

“तोवर मुरते, मामा.”

रविवारी मामीने मटणाचा बेत केला. इथले लोक मांस काळ्या बिअरमध्ये तासन्‌तास शिजवतात, हे तिने पोपरिंगेच्या मेनूवर पाहून ठेवलं होतं. “आपलं कांदा-लसूण मसाला आणि त्यांचं ते, बघू तरी.” सायली दोन ग्लास घेऊन बाहेर आली, दोन्हींत सारखाच तपकिरी रंग. “एक मठातली, एक वाटूची. ओळख. दोन क्रेट माझ्या नंबरावर आलेत, त्यातली एक मी उघडली.”

ओंकारचा चेहरा पडला, पण परीक्षेचं आव्हान टाळता येईना. त्याने पहिला ग्लास फिरवला, हुंगला, डोळे मिटले. दुसरा घेतला, भुवया उंचावल्या. दहा मिनिटं अंजीर, लवंग, खोली, लांबी असे शब्द दिवाणखान्यात फिरले. मग तो म्हणाला, “प्रश्नच नाही. पहिली मठातली. दुसरी चांगली आहे, पण… उथळ.”

“नक्की?”

“शंभर टक्के.”

“मग मटणात दुसरी घालू ना?”

“घाल की. तिची लायकी तेवढीच.”

सायलीने दुसऱ्याची बाटली आणली आणि मामीने ती पातेल्यात उपडी केली, गाळासकट. एक कमी पडली म्हणून सायली आणखी एक आणायला तळघरात उतरली. ती वाटूच्या पिशवीकडे न जाता तळघरात का उतरली, हे ओंकारच्या लक्षात यायला काही क्षण लागले. ती वर आली, तेव्हा तिच्या हातात पिवळं झाकण होतं.

रस्सा अप्रतिम झाला. तिखट, किंचित गोड, मागून हलकी कडू चव. ओंकार मुकाट्याने जेवला, तीन वेळा वाढून घेतलं. हात धुऊन आल्यावर त्याला उपपत्ती सापडली: मूळ यीस्ट वाटूला गेलेलं असल्यामुळे त्याचं उत्तर ऐतिहासिकदृष्ट्या बरोबर होतं. मग त्याने यादीत दोन ओळी खोडल्या आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘मटण’ असं लिहिलं. सायलीच्या गाडीचं सुतक कधी सुटतं ते बोटांवर मोजलं, नाखूश झाला, आणि एकदम माझ्याकडे वळला.

“मामा, पुढच्या वेळी येताना इंटरनॅशनल लायसन्स काढून आणा. भाड्याच्या गाडीला स्वतंत्र नंबर असतो.”