सोनेरी पऱ्हाटी

आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या सेनगावात माणसाच्या हातात फवारा मारायची कुठलीही वस्तू दिसली की लोक एकच प्रश्न विचारतात, "कशावर मारायलाव?" या प्रश्नाला इथं मोजकीच उत्तरं चालतात: मावा, तुडतुडे, बोंडअळी, नाहीतर तण. मी पऱ्हाटीच्या काड्यांची जुडी अंगणातल्या भिंतीला टेकवून सोनेरी रंगाचा डबा खडखड हलवायला लागलो, तेव्हा शेजारच्या मामांनी काड्यांवरची रिकामी बोंडं निरखून पाहिली आणि काळजीनं म्हणाले, "सर, कापूस येचून झाला, पऱ्हाटी उपटून झाली. आता अळीवर मारून काय उपेग?"

मामांची शंका इतिहासाला धरून होती. दाबाखालच्या वायूनं द्रव बाहेर फेकणारा डबा 1927 च्या सुमारास नॉर्वेच्या एरिक रोथाइम या इंजिनिअरनं काढला खरा, पण तो जगभर गाजला किडे मारण्यासाठी. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकन सैनिकांना डासांवर फवारायला असे डबे दिले गेले. रंग त्यात शिरला तो 1949 साली. अमेरिकेतल्या सिकामोर गावचा एड सेमूर हा रंगाचा व्यापारी. घर गरम ठेवणाऱ्या रेडिएटरला द्यायचा ॲल्युमिनियमचा रंग गिऱ्हाइकाला झटपट कसा दाखवावा, या विवंचनेत तो होता. उपाय त्याच्या बायकोनं सुचवला: डब्यात भर आणि फवार. नाव नवऱ्याचं झालं. घरात रंगाचा विषय बायकोनं काढायचा आणि हात नवऱ्यानं रंगवायचे, ही रीत तिकडंही आहे हे वाचून मला फार बरं वाटलं. पऱ्हाटी रंगवायची कल्पनाही आमच्या हिचीच.

डबा हलवला की आत खडखडते ती एक साधी गोळी. तळाशी बसलेला रंग ढवळणं एवढंच तिचं काम. पण ती खडखड ऐकून गल्लीतली सगळी पोरं गोळा होतात आणि डबा फोडून गोळी कधी काढणार, असं विचारतात. डबा फोडायचा नसतो, हे त्यांना पटवणं अवघड. पूर्वी या डब्यांत ओझोनच्या थराला भोकं पाडणारा वायू असे. 1987 च्या मॉन्ट्रियल करारानंतर तो मागं पडला, आणि आता बहुतेक डब्यांत प्रोपेन-ब्यूटेन असतं, म्हणजे आपल्या स्वयंपाकाच्या सिलिंडरमधल्या वायूचेच भाऊबंद. म्हणून चुलीजवळ रंगकाम नाही आणि बंद खोलीत तर नाहीच. पन्नास अंशांच्या वर तापू देऊ नका, असं डब्यावर छापलेलं असतं. मे महिन्यात आमच्या पत्र्याच्या खोलीनं ती सूचना वाचली, तर तिला आपलाच अपमान झाल्यासारखं वाटेल.

रंगवण्याजोग्या मालाचा मात्र आमच्या तालुक्यात सुकाळ आहे. पऱ्हाटीची उकललेली बोंडं आहेत, एकेक बोंड चार-पाच पाकळ्यांचं. तिळाची बोंडं आहेत, अंबाडीची आहेत, वेलावरच वाळून नुसती जाळी उरलेला दोडका आहे. शहरात यालाच ड्राय फ्लॉवर म्हणतात आणि काचेच्या उंच बरणीत उभं करून वर पैसे मोजतात. आमच्याकडं ते चुलीत जातं.

करडईची गंमत तर निराळीच. तिची काटेरी बोंडं धुऱ्यावर उभी असली की जनावर पिकात शिरायला कचरतं. फूल उमलतं पिवळं आणि सुकता सुकता आपोआप केशरी-तांबडं होतं, कुणी डबा न दाखवता. याच पाकळ्यांतला पिवळा रंग पाण्यात धुऊन काढला की मागं राहतो तो कुसुंबी, आणि त्यानं एके काळी लुगडी, पागोटी रंगायची. म्हणजे जे झुडूप माणसांची वस्त्रं रंगवत होतं, त्याच्याच वाळक्या बोंडांवर आज आपण विकतचा रंग मारतो. इथून जवळच्या नरसीच्या नामदेवांना पंजाबात छीपा, म्हणजे कापडावर ठसे उमटवणारा, म्हणून ओळखतात. त्यांच्या मुलखात रंग बाहेरून आणावा लागावा, याची थोडी लाज वाटते. पण करडईच मागं सरली आणि शिवारभर सोयाबीन झालं, तिथं कुसुंब्याला कोण विचारणार?

फवारण्याचं तंत्र सोपं आहे, म्हणून ते कुणी पाळत नाही. डबा वीतभर लांब धरायचा, हात सतत हलता ठेवायचा, एकदम जाड थर न देता दोन-तीन पातळ थर द्यायचे. वारा कुठून येतोय ते आधी बघायचं. फवारणी करणाऱ्या शेतकऱ्याला हे शिकवावं लागत नाही. तो सवयीनं वाऱ्याला पाठ करून, तोंडाला रुमाल बांधूनच उभा राहतो. शिकवावं लागतं ते शिकलेल्यांना. महालक्ष्म्यांच्या आरासीत एका घरी उत्साही भाच्यानं थर्माकोलच्या मखरावर सोनेरी रंग मारला. रंगातलं द्रावक थर्माकोल विरघळवतं. बघता बघता मखराच्या कमानीला खड्डे पडले, मोर वितळले आणि खांब वाकले. महालक्ष्म्या मात्र हसतमुख होत्या. थर्माकोलच्या सजावटीवर राज्यानं 2018 सालीच बंदी घातली होती. तिची इतकी चोख अंमलबजावणी मी दुसरीकडं पाहिलेली नाही.

वाळक्या वस्तूंवर हात बसला की माणसाची नजर ताज्या फुलांकडं वळते. बाजारात निळी शेवंती दिसते, निळे गुलाब दिसतात. पांढऱ्या शेवंतीचा दांडा रंगीत पाण्यात ठेवला की पाण्याबरोबर रंग पाकळ्यांत चढतो. ही एक तऱ्हा, आणि निदान यात फुलाला काही प्यायला तरी मिळतं. दुसरी तऱ्हा थेट फवाऱ्याची. गुलाबात निळा रंग तयार करणारं द्रव्य मुळातच नसतं. जपानच्या सनटोरी कंपनीनं वर्षानुवर्षं संशोधन करून, दुसऱ्या फुलातला जनुक घालून 'निळा' गुलाब केला आणि 2009 साली विक्रीला आणला. तो डोळे बारीक करून पाहिला तर फिकट जांभळा दिसतो. लंडनमध्ये 1892 साली ऑस्कर वाइल्डच्या नाटकाच्या पहिल्या प्रयोगाला त्याच्या मित्रमंडळींनी कोटाला हिरवी कार्नेशनची फुलं लावली होती. तीही रंगवलेलीच. तेव्हा हा सोस जुना आहे आणि सोस करणारे सगळेच अडाणी नव्हते.

पण ताज्या फुलावर डबा जवळून मारला की काय होतं ते बघण्यासारखं असतं. डब्यातला वायू बाहेर पडताच उडून जातो आणि जाताना गारवा करतो. पाकळी आधी गारठते, मग करपल्यासारखी काळवंडते. वर रंगाचा थर बसला की तिचा श्वासही कोंडतो. फुलवाले यासाठी खास पातळ रंग वापरतात आणि लांबून हलका हात फिरवतात, तरी फूल जगतं ते आपल्या शिल्लक आयुष्याइतकंच. फक्त सुकलेलं कळत नाही. तिसऱ्या दिवशीही ते तसंच निळंशार, मान मात्र खाली. पुढाऱ्याच्या सत्काराला असला गुच्छ उत्तम. दोघांचंही आतून काय झालंय, हे फोटोत येत नाही.

खऱ्या फुलाचे हाल काय, ते आमच्याकडं झेंडू पिकवणाऱ्याला विचारा. दसऱ्याच्या आदल्या दिवशी भाव आणि दुसऱ्या दिवशी रस्त्याच्या कडेला ढीग, हे त्यानं कितीदा तरी बघितलंय. त्याच्यावर प्लास्टिकच्या फुलांची भर. 2025 च्या पावसाळी अधिवेशनात प्लास्टिकच्या फुलांवर बंदी घालण्याची मागणी विधानसभेत झाली ती याच फूलशेतीच्या दुःखातून. अशा वेळी खरं फूल रंगवून प्लास्टिकसारखं करायचं म्हणजे शेतकऱ्याला त्याच्याच शेतात हरवणं झालं.

याचा अर्थ रंग देणंच चूक, असं मला म्हणायचं नाही. आम्ही तर रंग देणारीच माणसं. पोळ्याच्या आदल्या दिवशी खांदेमळणीला बैलाच्या खांद्याला तूप-हळद लागते आणि दुसऱ्या दिवशी शिंगांना रंग चढतो. हल्ली कुणीतरी घाईनं स्प्रेचा डबाही आणतं. पण 'फुस्स' आवाज झाला की बैल पायाखाली साप निघाल्याच्या खात्रीनं उसळी मारतो आणि रंग शिंगाऐवजी मालकाच्या नव्या टोपीला लागतो. पोळ्याला ब्रश टिकून आहे तो परंपरेच्या आग्रहामुळे नाही, बैलाच्या आग्रहामुळे. पाराखालच्या दगडाला शेंदूर लागतो. हळद शिजवून वाळवली की ढोलात घालून घासतात आणि शेवटी वरून थोडी हळदीचीच पूड टाकतात, हळकुंड उठून दिसावं म्हणून. जीआय मानांकन मिळालेली वसमतची हळद आमच्याच जिल्ह्यातली, पण पिवळं दिसायला हळदीलाही थोडी हळद लागते.

आणि दसऱ्याचं सोनं! कौत्साला गुरुदक्षिणेसाठी चौदा कोटी सुवर्णमुद्रा हव्या होत्या, रघुराजासाठी कुबेरानं त्यांचा पाऊस पाडला, आणि तो आपट्यावर पडला म्हणून आपण पानं लुटतो. हिंगोलीचा दसरा दीडशे वर्षांहून जुना, तिथं सोन्याला काय तोटा! पण आपटा आता सहज सापडत नाही, म्हणून कांचनाची पानं आपटा म्हणून खपतात, आणि अलीकडं त्यांच्यावर सोनेरी फवारा मारून ती पाकिटात येतात. म्हणजे सोन्याऐवजी आपटा, आपट्याऐवजी कांचन आणि कांचनावर सोनं. त्या रंगातही सोनं नसतंच, बहुधा पितळेची पूड किंवा अभ्रकाची चकाकी असते. हाताला चमकी लावून घरी येणाऱ्या पोरांना मात्र ते सगळ्यात खरं सोनं वाटतं, आणि थोरल्यांच्या पाया पडताना त्यांच्या धोतरालाही थोडं मिळतं.

शिंग, दगड, हळकुंड, वाळकं बोंड. या सगळ्यांत मला एक गोष्ट सारखी दिसते. ज्यांनी आपलं काम करून ठेवलंय, त्यांनाच आम्ही रंग देत आलो. तो रंग काही झाकत नाही. शिंग रंगवलं म्हणून कुणाला ते शिंग आहे याचा विसर पडत नाही. वर्षभर ओढलंस, एक दिवस मिरव, एवढाच त्याचा मतलब. शाळेत 'टाकाऊपासून टिकाऊ' करताना पोरं नारळाची करवंटी रंगवतात, त्यातही नकळत हेच असतं. ताज्या फुलाचं काम अजून चालू असतं. त्याला रंग द्यायचा म्हणजे नोकरीत असलेल्या माणसाचा सेवानिवृत्तीचा सत्कार उरकून टाकायचा. त्याला पाणी द्यावं आणि आपण बाजूला व्हावं. मामांना हा हिशेब मी समजावून सांगितला. त्यांनी शांतपणे ऐकून घेतला आणि म्हणाले, "मंग लगीनसराईत माझ्या मिशीला कलप लावतेत ते बरोबरच हाय की!" सिद्धान्त इतक्या लवकर कुणाच्या कामी आल्याचं मी प्रथमच पाहिलं.

तर पऱ्हाटी सोनेरी झाली. एका काडीवर वेचणीतून सुटलेलं एक बोंड होतं, आत कापूस तसाच. मी त्याच्यावर डबा धरणार, तेवढ्यात ही म्हणाली, त्याला सोडा. सोडलं. पांढऱ्या कापसाला आपण रंग देऊ नये हेच बरं. बाजारात नेला की त्याला पिवळा ठरवायचं काम व्यापारी करतोच, तेही फुकट.