तात्यांचे दोन सिनेमे

गुरुवारी शिरगावात पाय ठेवायला जागा नसते. प्रतिशिर्डीच्या दर्शनाला सोमाटणे फाट्याकडून रिक्षा भरभरून माणसं येतात. या गर्दीत हारवाल्यांच्या पलीकडच्या चहाच्या टपरीवर आमचे तात्या ठाण मांडून असतात. साईबाबांना हात जोडायला त्यांना दोन मिनिटं पुरतात. बाकीचा दिवस सिनेमाचा. सिनेमे दोनच : 'माहेरची साडी' आणि 'सैराट'. पहिला १९९१चा, दुसरा २०१६चा. मधल्या पंचवीस वर्षांत पडद्यावर जे काही झालं, त्या तात्यांच्या हिशेबानं जाहिराती.

ओळख झाली की तिसऱ्या वाक्याला तात्या विचारतात, "तुम्ही कुठं रडला?" आधी 'साडी'त, मग 'सैराट'मध्ये. उत्तरावरून माणसाची जात, स्वभाव, उधार द्यावं का नाही, सगळं ठरतं. एकदा पुतणीला बघायला मुलगा आला होता. पोहे संपायच्या आत तात्यांनी प्रश्न टाकला. पोरगं प्रामाणिक. म्हणालं, "सैराटला मी मोबाईल बघत होतो, शेवट चुकला." मंडळी गप्प. तात्या म्हणाले, "पसंत आहे. हा कुणाच्या अंगावर हात टाकणार न्हाई."

'माहेरची साडी' तात्यांनी पुण्यात प्रभातला पाहिला, आप्पा बळवंत चौकात. थिएटरचं नाव आता किबे लक्ष्मी झालंय. तात्यांना ते मान्य नाही. सकाळी तळेगावहून लोकल धरली, बरोबर बायको, म्हणजे आमच्या काकू, आणि धाकटी बहीण, म्हणजे गावाची अक्का. दिग्दर्शक विजय कोंडक्यांनी महाराष्ट्राला इतकं रडवलं, की गावोगावच्या बायका ट्रॉल्या भरून रडायला गेल्या. पण पुरुषांत तात्यांची बरोबरी कुणी केली असेल असं वाटत नाही. अलका कुबलचं सोसणं सुरू झाल्यापासून त्यांनी जो हंबरडा फोडला, तो तिची पडद्यावरची लक्ष्मी मरेपर्यंत. धोतराचा सोगा भिजला, उपरणं भिजलं. शेवटी शेजारच्या अनोळखी बाईनं मांडीवरच्या पोराचं झबलं पुढं केलं. तात्यांनी त्यानं डोळे पुसले, नाक शिंकरलं आणि परत दिलं. बाईनं ते घेतलं नाही. झबलं तात्यांच्या ट्रंकेत आहे. मी पाहिलंय : पिवळं, पुढं बदक.

बाहेर पडल्यावर तात्या तसेच लक्ष्मी रोडला गेले आणि अक्काला साडी घेतली. इरकल, चांगली जाड काठाची. दुकानातसुद्धा रडले, दुकानदारानं दहा रुपये कमी केले. ही गोष्ट ते अजून सांगतात आणि ऐकणाऱ्याचा गळा दाटतो. पुढचं ते सांगत नाहीत, ते काकू सांगतात. ती साडी नेसून अक्का पुढच्याच महिन्यात वडगावला गेली आणि वडिलांच्या जमिनीच्या हक्कसोडपत्रावर सही करून आली.

तात्यांनी फसवलं असं मी म्हणणार नाही. तेव्हाची रीतच ती. बाप गेला की बहिणीनं सही करायची, भावानं साडीचोळी करायची, दोघांनी गळ्यात पडायचं. मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतका वाटा देणारी दुरुस्ती महाराष्ट्रानं १९९४ साली केली, तीही तोवर लग्न न झालेल्यांपुरती. केंद्राचा कायदा सुधारायला २००५ उजाडलं. आणि या दोन सालांच्या मधे आमच्या शेजारून एक्स्प्रेस वे गेला. पुढं गहुंज्याला स्टेडियम झालं. ज्या रानात नाचणीसुद्धा धड येत नव्हती, तिथं लोक गाड्या थांबवून गुंठ्याचा भाव विचारू लागले.

आता 'सैराट'. २९ एप्रिलला लागला आणि पब्लिक वेडं झालं. रहिमतपूरला म्हणे रात्री बाराचे आणि पहाटे तीनचे खेळ लावावे लागले. मराठीत शंभर कोटींचा पहिला धंदा याच सिनेमाचा. तात्या पुन्हा बायको आणि अक्काला घेऊन निघाले, या वेळी चिंचवडच्या मल्टिप्लेक्सला. मक्याच्या लाह्यांचा भाव ऐकून एकदा तिथंच रडून झालं. मग अजय-अतुलचा ढोल सुरू झाला आणि साठी ओलांडलेले तात्या दोन खुर्च्यांच्या मधल्या वाटेत नाचले. पायातली एक चप्पल तिथंच राहिली.

आणि शेवट. माहेरची माणसं येतात, आईनं दिलेल्या भेटी घेऊन. नायिका आर्ची चहा टाकते. त्यानंतर पडद्यावर आवाजच नाही. तात्या रडायला तयार होऊन बसले होते, उपरणं हातात. पण संगीत नाही, हंबरडा नाही, रडायचं तरी कशावर? आर्ची-परशाचं पोर रक्ताची पावलं उमटवत चालू लागलं आणि दिवे लागले. तात्यांचं म्हणणं, हा सरळसरळ अन्याय आहे. "आरं, दोन तास नाचवलंस, मग रडायला धा मिनिटं तरी दे! रडू घशात अडकून माणूस मरंल." तिकिटाचे निम्मे पैसे परत मिळावेत म्हणून ते खिडकीवर गेलेही होते. दिग्दर्शक नागराज मंजुळे कधी प्रतिशिर्डीला आले तर तात्या त्यांना हे तोंडावर सांगणार आहेत.

काकूंचं मत कुणी विचारत नाही, म्हणून त्या भाकरी थापताना आपणहून देतात. "दोन्हीकडं पोरीचा जीव गेला. एकीला माहेरनं टाकलं म्हणून, दुसरीला माहेर शोधत आलं म्हणून. ह्यांना मधली गाणी कमीजास्त वाटली."

पण खरा समीक्षक निघाली अक्का. 'साडी'ला ती भावापेक्षा कमीच रडली होती. 'सैराट'मध्ये आर्ची ट्रॅक्टर घेऊन परशाच्या घरी आली, तेव्हा तिनं सगळ्या थिएटरच्या आधी टाळी वाजवली आणि शेवटापर्यंत डोळ्याची पापणी हलवली नाही. परतीच्या रिक्षात तात्या घशातलं रडू गिळत होते. सोमाटण्याच्या टोलनाक्याजवळ अक्का म्हणाली, "दादा, आपल्या त्या रानाचा आता भाव काय रं?"

तात्यांना त्या क्षणी हुंदका फुटला. दहा मिनिटांची सगळी थकबाकी त्यांनी शिरगाव येईपर्यंत भरून काढली.

तेव्हापासून अक्का भाऊबीजेला साडी घेत नाही, पाकीट घेते आणि तात्यांच्या समोर मोजते. तात्यांचा निकालही पक्का आहे : 'माहेरची साडी' कधीही उजवा. 'सैराट'नं बायका बिघडवल्या.