पैसे चारी चाकांचे

जुन्या फोर व्हील ट्रॅक्टरचं साधं स्टिअरिंग जड झालं की गावात दोन मतं पडतात. एक मत असं, की स्टिअरिंग जड झालंय. दुसरं असं, की चालवणाऱ्याच्या दंडात आता काही राहिलेलं नाही. पहिलं मत फक्त चालवणाऱ्याचं असतं, बाकी सगळं गाव दुसऱ्या बाजूला. त्यामुळे हा आजार कुणी लवकर बोलून दाखवत नाही. गुडघेदुखी माणूस पारावर बसून सांगतो, शुगर तर आकड्यासकट सांगतो. पण ‘मला वळवत नाही’ हे सांगायला जीभ उचलत नाही.

आमची द्राक्षबाग तासगाव तालुक्यात. दोन ओळींत नऊ फूट अंतर, वर मांडव. त्यात मोठा ट्रॅक्टर घातला तर त्याच्याबरोबर मांडवही बाहेर येईल, म्हणून हा ठेंगणा, अरुंद गडी. आणि फोर व्हील अशासाठी, की ऑक्टोबरच्या छाटणीनंतर पाऊस आला की डाउनी रोग येतो. पावसाची उघडीप व्हायची वाट आपण पाहतो, डाउनी पाहत नाही. मग फवारणीचा, पाण्यानं भरलेला ब्लोअर मागे ओढत चिखलात उतरावंच लागतं. एकर चौरस धरला तर त्याची बाजू भरते 208 फूट, म्हणजे ओळी झाल्या तेवीस. सरळ ओळीत ट्रॅक्टरला माणूस नसला तरी भागेल. माणूस लागतो तो ओळीच्या टोकाला. तिथं बांध, ताणाच्या तारा आणि शेजाऱ्याची हद्द यांच्या बेचक्यातून वळायचं. एका एकराला बावीस वेळा. शिवाय हंगामात फवारणी एकदाच करून भागत असतं तर द्राक्षबागायतदार कर्जात कशाला असते?

ट्रॅक्टर चालवतात आमचे धाकटे चुलते, तात्या. वळण आलं की तात्या सीटवरून उठायचे, दोन्ही पाय रोवायचे, स्टिअरिंगच्या चाकाला छातीशी धरायचे आणि सगळं अंग एका बाजूला टाकायचे. बसून चालवायचं यंत्र ते उभ्यानं चालवत होते. दिवाळीला शर्ट शिवायला गेले तेव्हा शिंप्यानं माप दोनदा घेतलं आणि उजवा खांदा मुद्दाम मोठा ठेवायचाय का, असं विचारलं. तात्यांनी तो कौतुकाचा भाग समजला.

बांधावरून जाणाऱ्या प्रत्येकाकडे उपाय होता. गंमत अशी, की एकजात सगळे उपाय हाताला लागणाऱ्या चाकाचे. कुणी म्हणालं, चाक मोठ्या घेराचं बसवा. कुणी म्हणालं, त्याला लाकडी मूठ लावा, ट्रकवाले लावतात तशी. एका पाहुण्यांनी चाकाच्या मधोमध, जिथं तेल कुठंच जात नाही अशा जागी, तेल सोडलं आणि चहा पिऊन गेले. चाकापासून पुढच्या टायरपर्यंत मध्ये दांडा, गिअरचा बॉक्स, ड्रॅगलिंक, टायरॉड असा मोठा गोतावळा आहे आणि दुखणं त्यातल्या कुणाचंही असू शकतं, हे त्यातल्या एकाच्याही मनात आलं नाही.

चुलतभावानं पॉवर स्टिअरिंगचं किट बसवायचा विषय काढला, तेव्हा तात्या दोन दिवस त्याच्याशी बोलले नाहीत. अमेरिकेत क्रायस्लरनं 1951 साली विक्रीच्या मोटारींना पॉवर स्टिअरिंग दिलं. तात्यांचा जन्म त्यानंतरचा, तरीही ही थेरं आपल्या डोळ्यांदेखत सुरू झाली आणि तेव्हापासूनच पिढी बिघडली, असं ते शपथेवर सांगतात.

शेवटी मिस्त्री आले. त्यांनी स्टिअरिंगला हातच लावला नाही. आधी पुढच्या टायरवर लाथ मारली. टायर दबला. हवा कमी असली की टायर जमिनीवर पसरतो, जमिनीला जास्त चिकटतो आणि जागच्या जागी वळवताना तो सगळा चिकटपणा थेट आपल्या खांद्यात येतो. मिस्त्रींनी मग टायरची नक्षी पाहिली. नक्षी कसली, नुसती आठवण उरलेली. त्यांनी मान वर केली.

“मालक, डांबरीवर पण फोरमधीच चालवता व्हय?”

“मग?” तात्या म्हणाले. “पैसं चारी चाकांचं दिल्यात न्हवं?”

या प्रश्नाला अर्थशास्त्रात उत्तर नाही; ते गिअरमध्ये आहे. फोर व्हील ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांची गती मागच्यांपेक्षा मुद्दाम किंचित जास्त ठेवलेली असते, शंभराला एक ते पाच इतकी, म्हणजे चिखलात पुढची चाकं ट्रॅक्टरला ओढून काढतात. चिखलात चाकं घसरतात आणि हा फरक खपून जातो. डांबरावर घसरायला जागा नसते. पुढची चाकं म्हणतात चल, मागची म्हणतात थांब, त्या भांडणात गिअर आवळले जातात, टायर झिजतात आणि स्टिअरिंग दगड होतं. मिस्त्रींनी हे सगळं एका वाक्यात सांगितलं. ते वाक्य छापण्यासारखं नव्हतं. तात्यांनी फोर व्हीलचा दांडा आमच्यासमोर बंद केला खरा, पण चेहरा असा, की दोन चाकं कुणीतरी फुकट काढून नेली.

हवा भरली, फोर व्हील काढली, तरी जड. मिस्त्रींनी पुढचा अ‍ॅक्सल जॅकवर उचलून चाकं अधांतरी केली. माझं काम बॅटरी धरायचं आणि मागितला तो पाना द्यायचा. मिस्त्रींनी नंबर म्हणायच्या आत चुकीचा पाना पुढे करायचा, ही आमच्या घराण्यातल्या शिकलेल्यांची पूर्वापार कामगिरी, ती मी चोख बजावली. चाकं हवेत असूनही स्टिअरिंग जड, म्हणजे जमीन निर्दोष सुटली. मग ड्रॅगलिंक सोडली. आता स्टिअरिंगचा पुढच्या चाकांशी संबंधच उरला नाही, तरी ते अडतंच. म्हणजे एक चोर बॉक्समध्ये.

बॉक्सच्या झाकणावर एक स्क्रू असतो. आतले गिअर झिजून प्ले आला, म्हणजे चाक थोडं फिरवलं तरी पुढं काहीच घडेना, की तो किंचित फिरवून प्ले काढतात. किंचित. इथला स्क्रू तळाला टेकलेला.

“ह्यो कुणी आवळला?”

तात्यांनी मांडवाकडे पाहिलं. घड कसे लागलेत ते पाहत असावेत; छाटणी नुकतीच झाली होती, घड नव्हतेच.

स्क्रू सैल करून, नटानं बांधून, बॉक्समध्ये नव्वद नंबरचं गिअर ऑईल भरलं. मग टायरॉड सोडून मिस्त्रींनी पुढची चाकं एकेक करून हातानं वळवली. उजवं वळलं. डावं हललं नाही. तात्यांनी जोर लावला, हललं नाही. तात्यांना बरं वाटलं. या जातीच्या अ‍ॅक्सलमध्ये चाकाला ताकद पोचवणारा शाफ्ट उभा खाली येतो आणि त्याच्याभोवती चाकाचं सगळं हौसिंग बेअरिंगवर फिरतं. ते ऑईलमध्येच बुडालेलं असायला हवं. मिस्त्रींनी खालचा प्लग काढला. ऑईल नव्हे, ताक आलं. सील कधीचं फाटलेलं, आत बागेचा चिखल आणि पाणी, बेअरिंग गंजून एक झालेलं. बॉक्स बिचारा अर्धाच गुन्हेगार. खरा आरोपी चाकाजवळ चिखलात तोंड लपवून होता आणि पाहुणे वर चाकात तेल सोडत होते.

बेअरिंग आणि सील आणायला मी सांगलीला गेलो. येईपर्यंत मिस्त्रींनी टायरॉडच्या दोन्ही टोकांचे सांधेही काढून ठेवले होते, तेही संपलेले. बसवल्यावर त्यांनी सुतळी धरून दोन्ही चाकांतलं अंतर पुढून आणि मागून मोजलं, पुढून ते काही मिलिमीटर कमी राहील असं टायरॉड फिरवून जुळवलं. मी त्यांना म्हटलं, वळताना आतलं चाक बाहेरच्यापेक्षा जास्त वळतं ना? ते म्हणाले, वळायलाच पायजे, नायतर एक चाक फरफटतंय. ही युक्ती 1817 साली म्युनिकच्या लँकेनस्पर्गर नावाच्या बग्ग्या बनवणाऱ्यानं काढली. लंडनचा पुस्तकं आणि छापील चित्रं विकणारा अ‍ॅकरमन त्याचा एजंट. त्यानं 1818 साली इंग्लंडमध्ये पेटंट घेतलं आणि आज सगळं जग तिला अ‍ॅकरमनची रचना म्हणतं. हे ऐकल्यावर मिस्त्री बराच वेळ टायरॉड आवळत राहिले आणि मग म्हणाले, “काम मिस्त्रीचं न् बोर्ड दुकानदाराचा. तिकडं पण त्येच का.” बिल त्यांनी त्यानंतर लिहिलं. थोडं वाढवूनच लिहिलं असावं, पण लँकेनस्पर्गरच्या स्मरणार्थ मी घासाघीस केली नाही.

ट्रॅक्टर एका हातानं वळायला लागला. मी चालवून पाहिला, वहिनींनी पाहिला, शाळेतून आलेल्या पुतण्यानं नको म्हणत असताना पाहिला. तात्यांनी मात्र तो दुसऱ्या दिवशी सकाळी, ब्लोअर जोडून, सवयीनं बागेत घातला. पहिली ओळ संपली. तात्या उठले. पाय रोवले. चाक छातीशी धरलं आणि सगळं अंग डाव्या बाजूला टाकलं.

ट्रॅक्टर वळला. मग आणखी वळला. मग जिथून आला होता तिकडंच तोंड करून कोपऱ्याच्या खांबाच्या ताणात शिरला. तार तुटली, खांब वाकला, तीन ओळींचा मांडव खाली बसला. तात्यांना काही लागलं नाही. ते उतरले, वाकलेल्या खांबाकडे बघितलंही नाही, थेट मिस्त्रींना फोन लावला.

“काय करून ठिवलंय ह्ये? बोटानं वळतंय! ह्याला काय स्टेरिंग म्हणत्यात? गडीमाणसानं धरायचं काय त्यात?”

तिकडून काही बोलणं झालं. तात्यांचा आवाज जरा खाली आला.

“न्हाई, म्हंजे... त्यो वरचा स्क्रू हाय न्हवं? त्यो वाईच आवळला तर?”

फोन स्पीकरवर होता. मिस्त्री म्हणाले, “आवळा की खुशाल. फकस्त नवा बॉक्स आदी आणून ठिवा, म्हंजे माझी एक फेरी वाचंल.”