पीठ फुगलं, बॅटरी उपाशी

मी इलेक्ट्रिकलचा डिप्लोमा केलेला माणूस आहे, हे आधीच सांगून ठेवतो. म्हणजे पुढे जे झालं ते किती शास्त्रशुद्ध पद्धतीने झालं हे ध्यानात येईल. नोकरीची सगळी वर्षं भोसरीच्या एका कारखान्यात मेंटेनन्सला काढली. कपॅसिटर पॅनल हे माझं खातं. पॉवर फॅक्टर ०.९ च्या खाली घसरला की वीजबिलात दंड लागायचा आणि साहेब बिल फडकावत थेट माझ्या टेबलाशी यायचे. हा तपशील विसरू नका. मी विसरलो.

निवृत्तीनंतर थंडीचे महिने आम्ही मुलाकडे, फिनिक्सला काढतो. अमेरिकेतली म्हातारी माणसं पारावर बसत नाहीत, आरव्ही घेतात. आरव्ही म्हणजे चाकांवरचं घर: ओटा, फ्रिज, पलंग, संडास, सगळं एका बसच्या पोटात. मुलाने हौसेने एक जुनी आरव्ही घेतली होती आणि हौस फिटल्यावर अंगणात उभी केली होती. कोणीतरी सांगितलं की पश्चिमेला क्वार्ट्झसाइट नावाचं गाव आहे, तिथे सरकारी वाळवंटात १५ सप्टेंबर ते १५ एप्रिल गाडी लावून राहायचा परवाना १८० डॉलरला मिळतो. सात महिने, १८० डॉलर! पुण्याच्या माणसाला याहून जास्त पटवावं लागत नाही.

त्या पैशांत वाळवंट मिळतं, आकाश मिळतं, वीज मिळत नाही. ती आपली आपण आणायची. जानेवारीत तिथे रात्री पारा पाच-सहा अंशांवर येतो. हीटर गॅसवर चालतो, पण त्याचा पंखा बॅटरीवर, आणि तो एकटाच सात-आठ अँपिअर खातो. आमच्या गाडीत गोल्फकार्टच्या सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या सिरीजमध्ये जोडलेल्या. मिळून बारा व्होल्ट, साधारण २२० अँपिअर-अवर. त्यांतले निम्मेच वापरायचे, नाहीतर शिशावर सल्फेट धरतं आणि बॅटरी अकाली म्हातारी होते. गाडीतला मूळ चार्जर जुन्या पठडीतला: १३.६ व्होल्टच्या आसपास बसून राहणारा. खांबाच्या विजेवर आठवडाभर लावून ठेवला तर काम करतो. जनरेटर दोन-तीन तास चालवून बॅटरी भरायची म्हटलं तर बसूनच राहतो. पहाटे पंखा कुरकुरत थांबला आणि शालीच्या आतून आवाज आला, “अहो, तुम्ही इलेक्ट्रिकलचेच ना?”

नवा चार्जर घेणं ठरलं.

त्याच रात्री नाशिकहून मेहुण्याचा फोन. आमच्यात साडेबारा तासांचं अंतर. तो जेवून सुस्तावलेला असतो तेव्हा मी झोपायच्या तयारीत असतो. “भाऊजी, शिसं फेका, लिथियम घ्या!” लिथियम चांगलंच, पण शून्य अंशाखाली ते चार्ज करायचं नसतं. हे मी त्याला ऐकवलं. क्वार्ट्झसाइटला शून्य क्वचितच होतं, हे त्याला ठाऊक नव्हतं आणि मी सांगितलं नाही. मेहुण्याचं ऐकायचं नाही हे माझं आधीच ठरलं होतं.

दुकानात ४५, ६० आणि ७५ अँपिअरचे चार्जर ओळीने मांडलेले होते. खोक्यांवर ‘तीन टप्पे’, ‘चार टप्पे’, ‘स्मार्ट’ असं ठळक छापलेलं. टप्प्यांचं प्रकरण खरं आहे. आपल्या पंगतीत कसं, पहिल्या जिलब्या पानात पडताक्षणी जातात, शेवटच्या दोन आग्रह करकरून गळ्याखाली उतरवाव्या लागतात, बॅटरीचंही तसंच. आधी बल्क: मिळेल तेवढा करंट गिळते. मग ॲब्सॉर्प्शन: व्होल्टेज १४.४च्या वर धरून ठेवायचं आणि करंट हळूहळू उतरताना बघत बसायचं. शेवटी फ्लोट: १३च्या थोडं वर, नुसती राखण. ॲब्सॉर्प्शनला काही तास लागतात आणि चार्जर कितीही दांडगा घेतला तरी ते लागतातच.

हे सगळं मला पाठ होतं. बॅटरीच्या अँपिअर-अवरच्या दहा ते वीस टक्के करंट पुरे, म्हणजे आमच्यासाठी फार तर ४५, हेही पाठ होतं. मी ७५चा घेतला. घ्यायचं तर मोठंच, हा आमच्या घराण्याचा नियम आहे; त्यापायी माझ्या लग्नातला कोट मी अजून अंगाने भरतोच आहे. खोक्याच्या पाठीवर पेनाने हिशेब केला: ७५ गुणिले १४.४, म्हणजे १०८० वॉट. जनरेटर २००० वॉटचा. मार्जिनच मार्जिन! सूचनापुस्तिका खोक्यातच ठेवली. तीस वर्षं मेंटेनन्सला काढलेला माणूस पुस्तिका वाचत नाही, इतरांना वाचायला सांगतो.

जुना चार्जर मागच्या पलंगाखाली होता, नवाही तिथेच बसवला. बॅटऱ्या पुढे, दाराच्या पायरीखाली. मधे गाडीची मूळ वायर, दहा गेजची, जाऊन-येऊन चाळीस फूट. जनरेटर सुरू केला. मीटरवर पन्नास अँपिअर दिसले, मग चाळीस, मग पंचवीस. मी जाहीर केलं, “बघ, बॅटरी भरत आली.” पहाटे पंखा पुन्हा थांबला.

याच सुमारास आंबोळ्यांचं पीठ फुगायला लागलं. वाळवंटातल्या थंडीत पीठ आंबेना म्हणून बायकोने पातेलं कुठे कुठे ठेवून पाहिलं होतं आणि शेवटी पलंगाखालच्या कप्प्यात सरकवलं होतं. जाळीदार, हलक्या आंबोळ्या होऊ लागल्या. मी दोन जास्त खाल्ल्या. ती म्हणाली, “ती लाल वायर आहे ना तिथे, तिला टेकवून ठेवते. छान गरम असते.”

हे ऐकून तरी माझ्या डोक्यात उजेड पडावा ना? मी चटणी मागितली.

उजेड पाडला शेजारच्या म्हाताऱ्याने. तसा तो माझ्याच वयाचा, मिनेसोटाचा निवृत्त ट्रक मेकॅनिक. रोज सकाळी त्याचा जनरेटर तासाभरात बंद व्हायचा, माझा जेवणापर्यंत घुमायचा, म्हणून चौकशीला आला होता. काही न बोलता त्याने खिशातून मीटर काढला. चार्जरच्या टर्मिनलवर १४.४. बॅटरीच्या टर्मिनलवर १३.४. मधला एक व्होल्ट पंचवीस अँपिअरने वायरीत जळत होता, म्हणजे पंचवीस वॉट. सुरुवातीला चाळीस-पन्नास अँपिअर असताना तर त्याच्या तिपटीने. चार्जर आपल्या टोकाशी १४.४ बघून समाधानी, बॅटरी उपाशी, आणि मधल्या मधे पीठ फुगलेलं. ओहमचा नियम मला शाळेपासून येतो. पातेल्याखाली तो ओळखू आला नाही, इतकंच.

म्हाताऱ्याच्या सांगण्यावरून चार्जर पायरीजवळ आणला, बॅटरीपासून हातभर अंतरावर, अंगठ्याएवढी जाड केबल घातली. आता वायरीत काही जळणार नव्हतं. पूर्ण ७५ अँपिअर धावले आणि जनरेटरवर लाल दिवा लागून तो बंद पडला. पुन्हा ओढला, पुन्हा बंद. आसपासच्या खुर्च्यांवरून चार-पाच निवृत्त अमेरिकन उठून आले आणि कॉफीचे मग धरून गोल उभे राहिले. मी १०८० वॉट, २००० वॉट असं पुनःपुन्हा मोठ्याने म्हणत होतो.

म्हातारा शांतपणे म्हणाला, “पॉवर फॅक्टर.”

वाचकहो, तुम्ही विसरला नसाल. चार्जरमध्येच दीड-दोनशे वॉट उष्णतेत जातात, ते धरून झाले साधारण १२७०. पॉवर फॅक्टर ०.७, कारण सुधारित सर्किटवाला चार्जर महाग म्हणून मी तो घेतला नव्हता. भागाकार केला की अठराशे व्होल्ट-अँपिअरच्या वर जातं. जनरेटरवर छापलेले २००० घटकाभराचे, सतत झेपणारे १६००. भोसरीत असतो तर साहेब बिल घेऊन आले असते.

दुकानाने उघडलेलं खोकं परत घेतलं नाही. मग ४५चा चार्जर घेतला, स्वतंत्र पैसे मोजून. तो त्याच जनरेटरवर निमूट चालतो. सकाळी दीडेक तास जनरेटर, उरलेलं दिवसभर छपरावरच्या सोलर पॅनलवर सोडून द्यायचं, ही म्हाताऱ्याची पद्धत आम्ही उचलली. हीटरचा पंखा रात्रभर फिरतो. आंबोळ्या मात्र दडस होतात आणि त्याचा दोष मलाच दिला जातो.

७५ अँपिअरचा चार्जर विकणे आहे. आपल्याकडे साडेतीन किलोवॅटचा जनरेटर आणि चारेकशे अँपिअर-अवरच्या बॅटऱ्या असतील, तर जरूर कळवा. खोकं आहे, पावती आहे, सूचनापुस्तिका कोरी करकरीत आहे. खोक्याच्या पाठीवरचा हिशेब तेवढा खरा धरू नका.