मा. वर्गोन्नत शेरा यांस

प्रति,
मा. वर्गोन्नत शेरा,
मुक्काम प्रगतिपुस्तक, शेवटचा रकाना.

विषय: मुले वर चढवल्याबद्दल आभार, व वर आल्यावर त्यांचे काय करावे याबाबत मार्गदर्शन मिळणेबाबत.

महोदय,

वरील विषयास अनुसरून सविनय सादर करतो की, महासाथीत आपल्याइतके काम कोणीच केले नाही. मार्च 2020 मध्ये शाळांना कुलपे लागली. त्या जूनमध्ये ज्यांची नावे पहिलीच्या पटावर चढली, त्यांनी पहिलीचा वर्ग आतून पाहिलाच नाही. तरी एप्रिल 2021 मध्ये पहिली ते आठवीच्या सर्वांना परीक्षेविना वर घालायचे ठरले आणि आपण शाईनिशी हजर झालात.

उघडण्याचा क्रमही विचारपूर्वक होता. दारूची दुकाने मे 2020, मॉल ऑगस्ट, बार ऑक्टोबर. गावाकडच्या पहिली-दुसरीला परवानगी मिळाली 1 डिसेंबर 2021 रोजी. जानेवारीत ओमायक्रॉन आला आणि वर्ग पुन्हा बंद. विषाणू बाकावर बसतो, बारच्या स्टुलावर बसत नाही, हे शास्त्र आम्हा मास्तरांना उशिराच कळले.

दरम्यान ‘शाळा बंद, पण शिक्षण आहे’ अशी राज्याची मोहीमच होती. अभ्यास रोज व्हॉट्सॲपवर येई. मोबाईल बापाच्या खिशात. त्यामुळे अभ्यास सकाळी बापाबरोबर कामावर जाई आणि संध्याकाळी दमून घरी येई. जुलै 2021 मध्ये 45 दिवसांचा सेतू अभ्यासक्रमही आला. शाळा बंदच असल्याने तोही मोबाईलवरूनच ओलांडायचा होता.

जून 2022 मध्ये हीच मुले तिसरीत माझ्यासमोर बसली. ‘घर’ वाचत, ‘घरात’ला अडखळत. वजाबाकीत हातचा शेजाऱ्याच्या वहीतून घेत. पालक म्हणत, “गुरुजी, पुस्तकात तर पास लिहिलंय!” लिहिले होते खरे, फक्त रफार आणि जोडाक्षर असल्याने ज्याच्यासाठी लिहिले त्याला ‘वर्गोन्नत’ हे आपले नाव वाचता येत नव्हते.

‘प्रथम’ संस्थेच्या ‘असर’ पाहणीत त्या वर्षी देशाच्या ग्रामीण भागातील तिसरीच्या शंभरातल्या विसेक मुलांनाच दुसरीचा उतारा वाचता आला. 2018 मध्ये 27 जणांना येत होता. म्हणजे दुखणे जुनेच. आपण त्यावर निरोगी असल्याचा दाखला दिलात. 2024 मध्ये तिसरीचा आकडा पुन्हा 27 वर आला आणि ‘नुकसान भरून निघाले’ म्हणून सगळे मोकळे झाले. पण ती तिसरी नवी होती. 2022 मधली तिसरी तोवर पाचवीत पोचली होती, आणि पाचवीतल्या निम्म्याहून अधिक मुलांना दुसरीचाच उतारा वाचता येत नव्हता. भरून निघाला तो तक्ता. मुले तशीच पुढे सरकली.

ही मुले मार्च 2030 मध्ये दहावीला बसतील. 2021 मध्ये परीक्षाच न घेता दहावीचा निकाल 99.95 टक्के लागला होता, त्यामुळे काळजीचे कारण नसावे. तरीही 2030 मध्ये आपण उपलब्ध असाल का, हे उलट टपाली कळवावे. नसाल, तर रोजच्या ऑनलाइन माहित्या भरण्यातून माझा एक तास सोडवून द्यावा. त्या तासात मी या मुलांना जोडाक्षरे शिकवीन.

आपला विश्वासू,
प्राथमिक शिक्षक, जिल्हा परिषद शाळा